कोऱ्या पानाची तपासणी

"मुंडकं नाही म्हणजे मेलेला नाही गं. ब्राउझर तोच. पानं उघडतो तीच, बटणं दाबतो तीच. फक्त पडद्यावर काही दिसत नाही. सगळं आतल्या आत चालतं."

"दिसत नाही, तर त्यानं काम केलं का झोपा काढल्या, हे तुम्हाला कसं कळतं?"

"सांगतो ना तो. बरोबर असलं की हिरवं, चुकलं की लाल. काल एकशेचाळीस तपासण्या केल्या त्यानं आणि एकशेचाळीस हिरव्या. मला तेवढ्याला तीन दिवस लागतात."

"एकही लाल नाही?"

"एकही नाही."

बायकोनं डब्याचं झाकण तळहातानं दाबून बसवलं आणि नवऱ्याकडं बघितलं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. सगळं ठीक आहे असं सांगणाऱ्यावर तिचा जन्मात विश्वास बसलेला नाही, मग ते मशीन असो का नवरा.

"आमच्याकडं रोज सकाळी मशीनला पहिला नमुना आजारी लावतात," ती म्हणाली. "आजारी आहे हे आधीच माहीत असलेला. मशीननं त्याला ठणठणीत म्हटलं, की त्या दिवशी मशीन बंद. तुमच्या त्या बिनमुंडक्याला एकदा काहीतरी मेलेलं दाखवा. त्यालाही हिरवं म्हणाला, तर तुमचा सख्खा भाऊ शोभेल. तुम्हीही ताटात काय वाढलंय ते न बघता छान झालंय म्हणता."

नवऱ्यानं खाली मान घालून ताटात बघितलं. ताट केव्हाच उचललेलं होतं.

या गृहस्थांना कचेरीत टिचकीभाऊ म्हणत. वय अठ्ठेचाळीस. अंगानं किरकोळ, पण उजव्या हाताची तर्जनी मात्र पहिलवानाची. कारण गेली चौदा वर्षं ते त्या एका बोटावर घर चालवत होते. दवाखान्यात डॉक्टरची वेळ आधीच ठरवून देणारं एक ॲप्लिकेशन त्यांची कचेरी बनवत असे. प्रोग्रामर ते लिहीत आणि भाऊ ते लोकांच्या हाती जाण्याआधी तपासत. तपासत म्हणजे समोर बसून टिचक्या मारत. इथं दाब, तिथं दाब, नावाच्या रकान्यात तीनशे अक्षरं भर, जन्मतारीख पुढच्या वर्षातली टाक, पुरुष रुग्णाला बाळंतपणाच्या बाईंची वेळ मागून बघ. कुठं काही फुटलं की भाऊ वहीत टिपत आणि प्रोग्रामरच्या टेबलाशी जाऊन नुसते उभे राहत. बोलत काही नसत. भाऊ उभे राहिले की प्रोग्रामर घाबरून हातातला चहा खाली ठेवी. भाऊंना त्यातलं सुख माहीत होतं. घरी कुणी त्यांना घाबरत नसल्यामुळं ते इथं पुरवून पुरवून घेत.

पण ॲप्लिकेशन वाढत गेलं आणि बोट होतं तेवढंच राहिलं. आठवड्याला दोनदा बदल व्हायला लागले. प्रत्येक बदलानंतर एकशेचाळीस गोष्टी पहिल्यापासून तपासायच्या, म्हणजे तीन दिवस. एक तपासणी संपायच्या आत दुसरा बदल दारात उभा. तेव्हा विभागाच्या प्रमुख मॅडमनी एक दिवस भाऊंना बोलावलं. मॅडम भाऊंपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण बोलताना कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळं जास्तच भीती वाटायची. त्यांनी सांगितलं की आता ही तपासणी यंत्रानं झाली पाहिजे. सर्व्हरवर, आपली आपण, माणसाशिवाय. हे काम शिकून उभं करायला दीड महिना. दीड महिना संपतो त्या शुक्रवारी नवी आवृत्ती लोकांना खुली होईल, ती यंत्रानं तपासूनच. जमलं तर भाऊ इथंच. नाही जमलं तर खालच्या मजल्यावर, फोनवर तक्रारी ऐकायच्या विभागात जागा आहे.

खालचा मजला म्हणजे कानाला यंत्र लावायचं आणि रागावलेल्या माणसाला गोड आवाजात सांगायचं की आपली अडचण आम्ही समजू शकतो. भाऊंच्या घरी फोन वाजला की भाऊ तो उचलून, एक अक्षर न बोलता बायकोच्या हातात देत. सख्ख्या बहिणीशीही ते फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडं गेलेले नव्हते. त्यांना खाली बसवणं म्हणजे मांजराला पोहायच्या शर्यतीत उतरवणं. तेव्हा भाऊंनी मुकाट्यानं शिकायला घेतलं.

सुरुवात झोकात झाली. ब्राउझरला हाकणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुम्ही हुकूम लिहून द्यायचे, तो ब्राउझरकडून करून घेतो. भाऊंच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तो पहिल्यांदा चालला तेव्हा भाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसले. पडद्यावर खिडकी आपोआप उघडली, नाव आपोआप भरलं गेलं, बटण आपोआप दाबलं गेलं. चौदा वर्षं आपण जे केलं ते हे बिनबोटाचं यंत्र करतंय, हे बघून भाऊंना वाईट वाटायला हवं होतं. ते त्यांना जेवणाच्या सुट्टीत आठवलं. त्या वेळी मात्र त्यांनी लिफ्टवाल्यालाही बोलावून दाखवलं.

खरं लचांड पुढं होतं. सर्व्हरला पडदा नसतो. म्हणून तिथं ब्राउझर बिनपडद्याचा चालवायचा, त्यालाच हेडलेस म्हणायचं. आणि सर्व्हर होता कुलूपच्या ताब्यात.

कुलूप हे त्या माणसाचं नाव नव्हे, पण खरं नाव कुणाला आठवतही नव्हतं. सर्व्हर सांभाळणारा हा माणूस तळघरासारख्या थंड खोलीत स्वेटर घालून बसायचा आणि काहीही मागितलं की एक अर्ज पुढं सरकवायचा. भाऊंनी ब्राउझर मागितला, अर्ज भरला, तीन दिवसांनी ब्राउझर आला. मग कळलं की ड्रायव्हर जुन्या आवृत्तीचा आहे आणि ब्राउझर नव्या. दोन बैलांची जोडी, एक चार पावलं पुढं, एक मागं, गाडी जागच्या जागी गोल. पुन्हा अर्ज. मग कळलं की अक्षरांचे फॉन्टच नाहीत. पुन्हा अर्ज. मग ब्राउझर दर दहा मिनिटांनी मरून पडायला लागला, कारण त्याला दिलेली मेमरी चिमणीला पुरेल एवढी. कुलूप प्रत्येक अर्ज वाचायचा, सही करायचा आणि म्हणायचा, जेवढं मागितलंय तेवढं मिळेल. त्या वाक्यात अख्खं संकट दडलेलं होतं, पण भाऊंचं लक्ष अर्जांच्या संख्येकडं.

शेवटी एकदाचं सगळं बसलं, भाऊंनी तपासण्या सोडल्या आणि दीड मिनिटात एकशेचाळीसच्या एकशेचाळीस लाल होऊन परत आल्या. बटण सापडत नाही. रकाना सापडत नाही. नाव सापडत नाही. भाऊंनी कपाळ धरलं आणि मग त्यांना वाटलं, आपल्याला कळलं. माणूस टिचकी मारतो, पान उघडेपर्यंत थांबतो, नाक खाजवतो. यंत्राला नाक नाही. ते धावत सुटतंय. त्याला थांबायला शिकवलं पाहिजे. म्हणून भाऊंनी लिहिलं, पाच सेकंद वाट बघ. तरी लाल. मग लिहिलं, पाच सेकंदांत बटण मिळालं नाही तर अडून बसू नकोस, पुढं जा. आणि मग त्यांच्या डोक्यात चौदा वर्षांची विद्या जागी झाली. भाऊंची वही उघडून बघा, तिच्यात काय बरोबर आहे असं एका ओळीनं लिहिलेलं नाही. जे चुकलं तेवढंच टिपलेलं. काही बिघडलं की पानावर एक तांबडी पट्टी येते, भाऊ जन्मभर ती पट्टी शोधत आले. तेव्हा त्यांनी यंत्रालाही तेच शिकवलं. तांबडी पट्टी दिसली तर लाल. नाही दिसली तर हिरवं.

त्यानंतर जे हिरवं झालं ते काय वर्णावं. शेतात पहिल्यांदा पीक डोलावं तसं. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत एकशेचाळीस हिरव्या. पुन्हा चालवलं, पुन्हा एकशेचाळीस, पुन्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद. भाऊंनी मॅडमना जाऊन सांगितलं, मॅडमनी त्याच संध्याकाळी वर कळवलं आणि मंगळवारी सकाळी अकराला सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं. भाऊ त्या दिवशी घरी जाताना जिना चढले, लिफ्ट असून.

आणि मंगळवारी सकाळी बायकोनं ते आजारी नमुन्याचं काढलं.

भाऊंनी तिला हसून घेतलं, पण चपलेत खडा गेल्यासारखं ते वाक्य कचेरीपर्यंत टोचत आलं. नऊ वाजता ते कुलूपच्या खोलीत गेले आणि म्हणाले की आपलं चाचणीचं ॲप्लिकेशन, म्हणजे लोकांच्या हाती जायच्या आधीची प्रत, पंधरा मिनिटं बंद करता येईल का. कुलूपनं अर्ज मागितला नाही. बंद करायला इथं कुणाची परवानगी लागत नाही, चालू ठेवायलाच लागते, म्हणाला. भाऊंनी ॲप्लिकेशन मेलंय याची खात्री केली आणि तपासण्या सोडल्या. मनात म्हणाले, एकशेचाळीस लाल येतील, संध्याकाळी बायकोला दाखवू.

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी एकशेचाळीस हिरव्या आल्या.

भाऊंनी कागदावर हिशोब मांडला. एकशेचाळीस तपासण्या, प्रत्येकीत पाच सेकंद वाट बघायची. एकशेचाळीस गुणिले पाच, सातशे सेकंद. म्हणजे अकरा मिनिटं चाळीस सेकंद. यंत्रानं एकही बटण दाबलेलं नव्हतं. ते प्रत्येक दारात पाच सेकंद उभं राहिलं, कुणी उघडलं नाही, पुढं गेलं. आणि घरात भांडण ऐकू आलं नाही म्हणून सगळीकडं आनंदीआनंद लिहून आलं.

कुलूपनं ॲप्लिकेशन पुन्हा चालू केलं. भाऊंनी ब्राउझरला हुकूम दिला की तुला जे दिसतंय त्याचं चित्र काढून ठेव. ही सोय पहिल्याच दिवशी त्यांनी वाचलेली होती आणि आपल्याला काय करायचीय म्हणून सोडून दिलेली. चित्र आलं. पांढरं. नुसतं पांढरं, कडेपासून कडेपर्यंत. दुसरं चित्र, तेही पांढरं.

"त्या यंत्राला ॲप्लिकेशनपर्यंत जायचा रस्ताच उघडा नाही," कुलूप खुर्चीतून न उठता म्हणाला. "अर्जात रकाना होता. तुम्ही खूण केली नव्हती."

"मला सांगायचं नाही का मग?"

"मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

भाऊंनी अर्जाची प्रत काढून बघितली, रकाना खरोखरच कोरा होता. नाचणारा आपण, अंगण बिचारं सरळ होतं.

घड्याळात साडेदहा वाजलेले. भाऊ जिन्याच्या वळणावर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःशी जी बोलणी केली ती फार अब्रूची नव्हती. रस्ता आज दुपारी उघडेल. अकरा वाजता पडद्यावर एकशेचाळीस हिरवे दिवे दाखवायचे, लोक टाळ्या वाजवतील, मग शुक्रवारपर्यंत खाली मान घालून खरं काय ते नीट करायचं. झाकली मूठ. कुलूप कुणाशी बोलत नाही. बायकोला सांगायचं, नमुना लावला, लाल आला. खालच्या मजल्यावर फोन वाजत होते, ते जिन्यातून ऐकू येत होतं. भाऊ त्या आवाजाला जेवढे घाबरत तेवढे दुसऱ्या कशाला नाही.

पण एक अडचण होती. चौदा वर्षं ते लोकांच्या टेबलाशी उभे राहिले होते, ते नेमकं हे करणाऱ्यांच्या. आत्ता नीट दिसतंय ना, मग जाऊ दे, उद्या बघू, म्हणणाऱ्यांच्या. अशा माणसाला भाऊंनी कधी सोडलेलं नव्हतं. आता स्वतःच्या टेबलाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न होता. भाऊंना स्वतःबद्दल फार मोठं मत नव्हतं, पण तेवढं एक काम आपल्याला येतं, अशी त्यांची समजूत होती. ती गेली तर खालचा मजला काय आणि वरचा काय.

अकराला बैठकीच्या खोलीत आठ जण होते. मॅडम पुढच्या खुर्चीत.

"मॅडम, एकशेचाळीस हिरव्या आहेत," भाऊ म्हणाले.

"छान. दाखवा."

"ॲप्लिकेशन बंद करून चालवलं, तरी एकशेचाळीसच हिरव्या येतात."

मग कोपऱ्यातल्या एका प्रोग्रामरला हसू आवरेना. भाऊ आजवर ज्यांच्या टेबलाशी उभे राहिले होते त्यातलं हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. भाऊंनी त्याला मनातल्या मनात हसू दिलं, त्याचा तेवढा हक्क होता.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे काल तुम्ही मला जे सांगितलंत ते काय होतं?"

"काल मी कोरं पान तपासलं, मॅडम. एकशेचाळीस वेळा. त्यात एकही चूक सापडली नाही."

आता दोघं-तिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की हे त्यांनी वर कळवून झालेलं आहे आणि आता परत घ्यायला त्यांनाच जावं लागेल. आवाज तसाच, न चढलेला. भाऊंना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर अंगावरून ओघळून गेल्या असत्या. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी खाली एक खुर्ची रिकामी होतेय. मी तुमचं नाव अजून पाठवलेलं नाही. पाठवणार नाही, असंही म्हणत नाही. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मला खरं काय ते सांगा. हिरवं नसलं तरी चालेल. खरं पाहिजे."

भाऊ अर्ज घेऊन कुलूपकडं गेले. या वेळी त्यांनी अर्ज वरून खाली आणि खालून वर, दोनदा वाचला. कुलूपनं तो घेतला आणि सही आधी केली, मग वाचला. भाऊंनी तेवढ्यावर त्याला माफ केलं.

रस्ता उघडला. पण आता यंत्राला सांगायचं काय, हा पेच होता. तांबडी पट्टी शोधू नको, म्हणजे मग शोध काय? वेळ ठरली की पानावर नेमकं काय दिसलं पाहिजे? भाऊंनी लेखणी उचलली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे शब्दांत ठाऊकच नाही. चौदा वर्षं हे ॲप्लिकेशन आपण चुकांवरून ओळखत होतो. एखाद्या माणसाचे सगळे रोग माहीत असावेत आणि तो बरा असतो तेव्हा कसा दिसतो ते कुणी विचारलं तर सांगता येऊ नये, तसं. तेव्हा भाऊ पुन्हा प्रोग्रामरांच्या टेबलांशी जाऊन उभे राहायला लागले, पण आता प्रश्न विचारायला. हे दाबल्यावर काय व्हायला हवं? प्रोग्रामर आधी दचकायचे, मग डोकं खाजवायचे, कारण निम्म्या वेळा त्यांनाही सांगता यायचं नाही. सगळ्यांत पहिली तपासणी भाऊंनी बायकोच्या पद्धतीची घातली. एकशेचाळिसांखेरीजची, मुद्दाम चुकीची. ती हिरवी आली तर पुढचं सगळं बंद.

शुक्रवारी सकाळी तेवीस लाल होत्या. बावीस तर भाऊंच्याच करणीच्या निघाल्या. बिनपडद्याच्या ब्राउझरची खिडकी मूळची लहान, त्यामुळं खालचं बटण कडेबाहेर जात होतं, हे कळल्यावर एका दमात तेरा सुटल्या. बाकीच्यांत कुठं नाव चुकलेलं, कुठं तारीख कालची. भाऊ एकेक चूक बघत आणि 'वा रे शहाण्या' म्हणत पुढं जात.

तेविसावी हटेना. डॉक्टरची वेळ घेणे. भाऊंनी ती हातानं करून बघितली, नीट झाली. दहा वेळा केली, दहाही वेळा नीट. यंत्र मात्र दर वेळी लाल. बारा वाजायला पन्नास मिनिटं. भाऊंना आतून पक्कं वाटत होतं की ही पण आपलीच चूक. आजवरचा अनुभव तसाच होता. तेवढी एक तपासणी काढून टाकली असती तर कुणी मागितली नसती. त्याऐवजी त्यांनी चित्र काढलं. चित्रात एका रुग्णाला एकाच डॉक्टरच्या एकाच दिवशी दोन वेळा दिलेल्या, साडेनऊ आणि पावणेदहा.

आपण काय लिहिलंय ते भाऊंनी बघितलं. उत्तर यायला उशीर झाला, तर बटण पुन्हा दाब. हा हुकूम त्यांनी घाईत लिहिला होता. यंत्रानं तो पाळला आणि ॲप्लिकेशननं दुसऱ्या दाबाला पुढच्या कुणा रुग्णाची जागाही त्यालाच काढून दिली. भाऊंच्या सभ्य बोटानं चौदा वर्षांत हे बटण कधी लागोपाठ दोनदा दाबलेलं नव्हतं. टिचकी मारली की हात मागं घेऊन बसायचे. दुखणाईत माणूस बसेल का तसा?

बारा वाजता मॅडमसमोर त्यांनी ते चित्र ठेवलं. कोपऱ्यातला प्रोग्रामर म्हणाला की असं दोनदा कोण दाबतं, यंत्राचं काहीतरी चुकलं असणार. मॅडमनी स्वतःचा फोन काढला, चाचणीचं ॲप्लिकेशन उघडलं आणि बटणावर तीनदा बोट आपटलं. तीन वेगवेगळ्या वेळा मिळाल्या.

"आवृत्ती आज खुली करायची नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी बघू." आणि वर फोन लावायला उठल्या. दारातून वळून त्यांनी भाऊंना विचारलं की आता किती हिरव्या आहेत. भाऊंनी सांगितलं, एकशेएकोणचाळीस, पण त्यातल्या चाळीसेक अजून अर्धवट बघतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

"मग सोमवारी तुम्ही इथंच बसा आणि त्या चाळीस पुऱ्या करा," मॅडम म्हणाल्या. "खालच्या खुर्चीचं खालचे बघतील."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रोग्रामर चित्र घेऊन, पुटपुटत आपल्या जागेवर गेला. भाऊंनी डबा खाल्ला, हात धुतले आणि त्या चाळिसांतली पहिली तपासणी उघडली. जन्मतारीख न भरता पुढं गेलं तर काय दिसलं पाहिजे? वहीत उत्तर नव्हतं. त्यांनी वही बगलेत मारली, त्याच प्रोग्रामरच्या टेबलाशी गेले आणि शेजारची खुर्ची ओढली.

"आता काय फुटलं?" तो मान वर न करता म्हणाला.

"काही नाही," भाऊ म्हणाले. "बरोबर काय असतं, ते सांग."